वॉर्सामधील पोलिन संग्रहालय : पुलावरून दिसणारे शहर

जर्मन ताब्यातील पोलंडमध्ये पोलिश माणूस आपल्या ज्यू शेजाऱ्याशी कसा वागला, या प्रश्नावरून त्या देशात आजही संसदेत कायदे होतात, न्यायालयात खटले चालतात आणि इतिहासकारांवर चिखलफेक होते. वॉर्सामधील पोलिन संग्रहालय सांस्कृतिक मंत्रालय, वॉर्सा महापालिका आणि ज्यू इतिहास संस्थेची संघटना या तिघांनी मिळून उभारले आहे, म्हणजे त्याला सरकारशी फटकून वागणे परवडणारे नाही. अशा संग्रहालयाने हा प्रश्न कसा मांडला असेल, याची उत्सुकता मला बरीच वर्षे होती. त्यामुळे पोलंडमधील ज्यूंचा हजार वर्षांचा इतिहास सांगणाऱ्या या संग्रहालयाचे सर्वांगीण परीक्षण येथे केलेले नाही. त्यातील होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या दालनाविषयी मी सविस्तर लिहिणार आहे आणि बाकीच्या दालनांचा उल्लेख गरजेपुरताच करणार आहे.

संग्रहालय मुरानुव्ह भागात आहे. युद्धापूर्वी वॉर्सामधील ज्यू वस्तीचा हा गाभा होता, युद्धकाळात येथेच घेटो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवण्यासाठी जर्मनांनी वेगळा काढलेला बंदिस्त भाग होता आणि १९४३ मध्ये घेटोतील ज्यूंनी केलेल्या उठावानंतर जर्मनांनी हा सारा परिसर जमीनदोस्त केला. विटामातीचा ढिगारा इतका होता की तो हलवण्याऐवजी त्याच्यावरच आणि त्याच्याच चुऱ्यापासून केलेल्या ठोकळ्यांनी नवी वसाहत बांधण्यात आली. मुरानुव्हमध्ये फिरताना अनेक इमारती रस्त्यापेक्षा उंच उंचवट्यांवर बसलेल्या दिसतात आणि दारापर्यंत पोहोचायला पायऱ्या चढाव्या लागतात, त्याचे कारण हे आहे. संग्रहालयात जाण्यापूर्वी पाऊण तास तरी या गल्ल्यांमधून चालावे, असे मी सुचवेन, कारण आतील नकाशे त्यानंतर वेगळे दिसू लागतात.

फिनलंडचे वास्तुविशारद रायनर माहलामाकी यांनी बांधलेली ही काचेची चौकोनी इमारत बाहेरून अगदी संयत आहे. आत शिरताच मात्र दोन्ही बाजूंना वाळूच्या रंगाच्या, वळसे घेत वर जाणाऱ्या उंच भिंती दिसतात. इमारत १९ एप्रिल २०१३ रोजी, म्हणजे घेटोच्या उठावाला ७० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी खुली झाली. मुख्य प्रदर्शन ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झाले आणि २०१६ मध्ये संग्रहालयाला युरोपातील वर्षातील सर्वोत्तम संग्रहालयाचा पुरस्कार मिळाला. समोर नातान रापोपोर्ट यांनी घडवलेले घेटोच्या वीरांचे स्मारक आहे. १९७० मध्ये पश्चिम जर्मनीचे चान्सलर विली ब्रांट याच स्मारकासमोर गुडघे टेकून बसले होते.

या परिसराची एक गोष्ट दरवाजा ओलांडण्याआधीच नोंदवायला हवी. संग्रहालयाच्या अवतीभोवती पाहिले तर यान कार्स्की यांचा बाकावर बसलेला पुतळा आहे, इरेना सेंडलर यांच्या नावाचा रस्ता आहे आणि ज्यूंना मदत करणाऱ्या 'झेगोटा' या गुप्त संघटनेचे छोटे स्मारकही आहे. हे सगळे जण सन्मानास पात्र आहेत, याविषयी वाद असण्याचे कारण नाही. कार्स्की यांनी घेटोत चोरवाटेने शिरून डोळ्यांनी पाहिलेली हकीकत लंडन आणि वॉशिंग्टनपर्यंत पोहोचवली. सेंडलर यांनी घेटोतून ज्यू मुले बाहेर काढण्याच्या कामापायी गेस्टापोची, म्हणजे जर्मनांच्या गुप्त पोलिसांची, कोठडी भोगली. तरीही जेथे चार लाखांहून अधिक माणसे कोंडण्यात आली आणि त्यांतील बहुतेक मारली गेली, त्या जागी भेट देणाऱ्याच्या नजरेला आधी मदत करणाऱ्यांची नावे पडतात, आणि याच मैदानाजवळ उपकारकर्त्यांचे आणखी एक भव्य स्मारक उभारण्याचा प्रस्ताव आला तेव्हा पोलंडमधीलच अनेक अभ्यासकांनी त्याला विरोध केला. तो प्रस्ताव होलोकॉस्टमधून वाचलेल्या एका ज्यू उद्योजकाच्या पुढाकाराने आला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रकरणात कोण कोणत्या बाजूला उभा राहील याचा अंदाज बांधणे किती अवघड आहे, ते कळते.

प्रवेशद्वारावर विमानतळासारखी तपासणी होते, मोठ्या पिशव्या सामानघरात ठेवाव्या लागतात आणि मुख्य प्रदर्शन तळघरात असल्यामुळे तिकीट दाखवून जिना उतरावा लागतो. सर्व मजकूर पोलिश आणि इंग्रजी या दोन भाषांत आहे. ऑडिओ गाइड घ्यावा की नाही, याबाबत माझे मत असे की पहिल्या दालनांसाठी तो उपयोगाचा आहे, होलोकॉस्टच्या दालनात मात्र तो काढून ठेवावा, कारण तेथे भिंतींवर जे लिहिले आहे ते स्वतः वाचण्यासारखे आहे आणि कानात दुसऱ्याचा आवाज सुरू असला की ते वाचून होत नाही.

मधली दालने मी भरभर ओलांडतो. ग्वोझ्झ्येत्स येथील लाकडी सिनगॉगचे (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचे) रंगवलेले छत जुन्या पद्धतीच्या हत्यारांनी पुन्हा घडवून येथे बसवले आहे आणि केवळ ते पाहण्यासाठीही तिकिटाचे पैसे वसूल होतात. दोन महायुद्धांमधल्या काळाचे दालन एका रस्त्यासारखे रचले आहे. वर्तमानपत्रे, नाटके, राजकीय पक्ष, शाळा अशी गजबज तेथे आहे. १९३० च्या दशकात विद्यापीठांमध्ये ज्यू विद्यार्थ्यांसाठी वेगळे बाक ठेवण्याचा प्रकार आणि ज्यू दुकानांवरचे बहिष्कार यांचीही दखल तेथे घेतलेली आहे. हा भाग घाईत निसटू देऊ नये, कारण पुढच्या दालनात शेजारी जे वागतात त्याची मुळे येथे आहेत. १९३९ मध्ये पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख ज्यू राहत होते. युद्ध संपले तेव्हा त्यांतील सुमारे ९० टक्के मारले गेले होते.

होलोकॉस्टच्या दालनात पाऊल टाकताच जागा आवळली जाते. भिंती तिरप्या आणि गडद आहेत, छत खाली आल्यासारखे वाटते आणि मोकळेपणाने मागे सरकून पाहण्याची सोय उरत नाही. या दालनाची मांडणी बार्बरा एंगेलकिंग आणि यात्सेक लेओचाक या दोन अभ्यासकांनी केली आहे. दोघांनीही वॉर्साच्या घेटोचा अभ्यास करण्यात हयात घालवली आहे आणि त्याचा परिणाम पहिल्याच भिंतीपासून जाणवतो. संपूर्ण संग्रहालयाने स्वतःवर घालून घेतलेला एक नियम असा आहे की पुढे काय झाले हे त्या काळातील माणसाला माहीत नव्हते, म्हणून प्रदर्शनानेही ते आधी सांगायचे नाही. हा नियम या दालनात सर्वाधिक कठोरपणे पाळला आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन सैन्य शिरले, मग दंडावर पट्टी बांधण्याची सक्ती झाली, मालमत्ता गेली, १६ नोव्हेंबर १९४० रोजी घेटो बंद झाला. हे सारे त्या त्या दिवशीच्या शब्दांत समोर येते.

ते शब्द मुख्यतः दोन ठिकाणचे आहेत. जर्मनांनी घेटोच्या कारभारासाठी नेमलेल्या ज्यू परिषदेचे अध्यक्ष आडाम चेर्न्याकुव्ह रोज दैनंदिनी लिहीत. त्यांच्या रोजच्या जगण्यात जर्मन अधिकाऱ्यांकडे खेटे घालणे, खंडणी गोळा करणे आणि दोन-चार माणसे सुटावीत म्हणून हातापाया पडणे एवढेच उरले होते. जुलै १९४२ मध्ये लोकांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे पाठवण्यास सुरुवात झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी विष घेतले. दुसरा आवाज आहे इतिहासकार एमानुएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या 'ओनेग शब्बात' या गुप्त मंडळाचा. या मंडळाने घेटोतील जगणे नोंदवून ठेवण्यासाठी शाळकरी मुलांचे निबंध, रेशनची कार्डे, मिठाईची वेष्टने, पत्रके, मुलाखती असे हाताला लागेल ते जमवले. या दोन आवाजांच्या जोडीमुळे दालनातील पोलिश शेजारी आपल्याला कधीही थेट दिसत नाहीत. ते भिंतीच्या आतल्या माणसाला जसे दिसले, तसेच दिसतात. शेजाऱ्याविषयी घेटोतल्या माणसाला काय वाटत होते, हे पोलिश-ज्यू संबंधांच्या चर्चेत बहुधा सर्वांत शेवटी विचारले जाते. येथे ते सर्वांत आधी विचारले आहे आणि माझ्या मते या दालनाचे मोठेपण यातच आहे.

याचा कळस म्हणजे पूल. घेटोचे १९४१ च्या अखेरीस मोठा आणि छोटा असे दोन तुकडे झाले आणि त्यांच्यामधून ख्वोद्ना रस्ता जात होता. हा रस्ता 'आर्य', म्हणजे घेटोबाहेरच्या, ज्यू नसलेल्यांच्या बाजूचा म्हणून वगळलेला होता. त्यावर ट्राम धावत, पोलिश नागरिक ये-जा करत. ज्यूंना एका तुकड्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी जानेवारी १९४२ मध्ये रस्त्यावर लाकडी पूल बांधला गेला. दोन मजल्यांएवढ्या उंच त्या पुलावरून माणसांची रांग चालत असे आणि खालून शहर नेहमीसारखे चालू असे. दालनात हा पूल रचनेतून पुन्हा उभा केला आहे. आपण वर चढतो आणि खाली 'आर्य' बाजूचा रस्ता दिसतो. खालची माणसे खरेदी करतात, सायकलीवरून जातात, ट्रामची वाट पाहतात. त्यांच्यावरही जर्मनांचा अंमल आहे. त्यांच्यातलेही कित्येक जण रस्त्यावरच्या धरपकडीत सापडून छावणीत किंवा गोळीबार पथकासमोर जाणार आहेत. पण पुलावर उभे असताना हे कळूनही खालचा रस्ता स्वातंत्र्यासारखा दिसतो. मी तेथे थांबलो असताना मागून आलेल्या शाळेच्या मुलांचा घोळका गप्पा मारत चढत आला आणि वर येताच आपोआप गप्प झाला. पन्नास फलक वाचून जे समजणार नाही ते या दहा-बारा पायऱ्यांनी समजते.

त्याच्यापुढे भिंतीच्या पलीकडे लपून राहिलेल्यांचा भाग येतो. घेटोतून निसटलेल्या ज्यूसाठी 'आर्य' बाजूला राहणे म्हणजे काय, याचे तपशील येथे नेमके आहेत: खोटा बाप्तिस्म्याचा दाखला, जर्मनांचे ओळखपत्र, घरमालकाला द्यायचे भाडे, पोलिश बोलताना उच्चारात काही सापडू नये म्हणून घ्यायची काळजी, आणि त्या काळी ज्याला 'चांगला चेहरा' म्हणत तो, म्हणजे ज्यू वाटणार नाही असा चेहरा. केस पिवळे करता येत होते. डोळ्यांतली भीती मात्र लपत नसे आणि वाचलेल्या अनेकांनी सांगितले आहे की पकडणारे डोळ्यांवरूनच ओळखत. हे पकडणारे बहुतेक वेळा जर्मन नसत. घेटोच्या फाटकाशी, रेल्वे स्थानकावर, चर्चबाहेर टपून बसणारे आणि पैसे उकळणारे पोलिश टोळभैरव, ज्यांना लोक 'श्माल्त्सोव्हनिक' म्हणत, यांनी माणसाला सोलून काढावे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने येऊन उरलेले न्यावे आणि काहीच उरले नाही की गेस्टापोकडे बोट दाखवावे, अशी ती साखळी होती. भूमिगत पोलिश सरकारच्या न्यायालयांनी १९४३ पासून यांतील काहींना देहदंडाची शिक्षा दिली, परंतु अशा शिक्षांची संख्या या धंद्याच्या व्यापापुढे नगण्य होती.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. ऑक्टोबर १९४१ च्या जर्मन फर्मानाने घेटोबाहेर पडणाऱ्या ज्यूलाच नव्हे, तर त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड ठरवला आणि तो अनेकदा संपूर्ण कुटुंबाला भोगावा लागला. मदत करणाऱ्या पोलिश माणसाला जर्मनांची भीती होतीच. त्याहून अधिक भीती शेजाऱ्याच्या तोंडाची होती. तरीही डिसेंबर १९४२ मध्ये 'झेगोटा' उभी राहिली. तिच्या कार्यकारिणीत पोलिश समाजवादी, कॅथलिक आणि ज्यू संघटनांचे प्रतिनिधी एकत्र बसत, आणि पैसा, खोटी कागदपत्रे, लपण्याच्या जागा पुरवण्याचे काम निर्वासित पोलिश सरकारच्या पाठबळाने चाले. होलोकॉस्टची स्मृती जपणाऱ्या इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने ज्यांना 'राष्ट्रांमधील सत्प्रवृत्त' म्हणून गौरवले, त्यांत पोलिश नागरिक ७,००० हून अधिक असून ही संख्या कोणत्याही देशापेक्षा जास्त आहे.

या दोनपैकी कोणत्याही पारड्यात न बसणारी माणसे मला जास्त विचारात पाडतात, आणि त्यात झोफिया कोसाक-श्चुत्स्का यांचे नाव पहिले आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये, रोज हजारो माणसे त्रेब्लिंकाकडे नेली जात असताना, या कॅथलिक लेखिकेने एक गुप्त पत्रक काढले. जग या हत्येकडे मूकपणे पाहत आहे आणि जो गप्प राहतो तो खुन्याचा साथीदार होतो, असे त्यांनी त्यात बजावले. त्याच पत्रकात त्यांनी हेही लिहिले की ज्यूंविषयी आमच्या भावना बदललेल्या नाहीत. ते पोलंडचे राजकीय, आर्थिक आणि वैचारिक शत्रू आहेत असेच आम्ही मानतो. 'झेगोटा'च्या आधीची समिती स्थापन करण्यात या बाईंचा पुढाकार होता, पुढे त्या स्वतः ऑशवित्झच्या छावणीत डांबल्या गेल्या आणि वाचल्या. द्वेष न सोडता जीव धोक्यात घालणारी ही व्यक्ती कोणत्या फलकावर लिहावी? या पत्रकासमोर भेट देणाऱ्याला खिळवून ठेवण्याची संधी संग्रहालयाने पुरेशी घेतलेली नाही, असे मला वाटले. ते दालनातील बाकीच्या मजकुरात मिसळून जाते आणि ज्याला आधीपासून माहीत आहे त्यालाच त्याचे मोल कळते.

अशीच तक्रार येद्वाबनेविषयी आहे. १० जुलै १९४१ रोजी ईशान्य पोलंडमधील या गावात ज्यूंना एका धान्याच्या कोठारात कोंडून जाळण्यात आले, आणि जाळणारे त्यांचेच पोलिश शेजारी होते. सरकारी राष्ट्रीय स्मृतिसंस्थेने केलेल्या तपासात किमान ३४० बळी निष्पन्न झाले, जर्मन चिथावणी नोंदवली गेली आणि प्रत्यक्ष कृत्य स्थानिकांचे असल्याचेही स्पष्ट झाले. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्वास्न्येव्स्की यांनी तेथे जाऊन माफी मागितली. आजच्या पोलंडमधील साऱ्या वादाचा उगम ज्या घटनेत आहे, तिला दालनात आटोपशीर जागा मिळाली आहे. त्या उन्हाळ्यात सोव्हिएत सैन्य माघारी गेलेल्या पट्ट्यात जी कत्तलींची मालिका झाली, तिच्यातील एक म्हणून ती मांडली आहे. इतिहास म्हणून ही जागा बरोबर आहे, हे मी मान्य करतो. तरीही ज्यू माणसाचा शेजाऱ्यावरचा विश्वास कसा मोडला, हे सांगण्यासाठी या कोठाराइतकी दुसरी जागा नाही आणि येथे पुलासारखी एखादी रचना व्हायला हवी होती. मुख्य प्रदर्शन ज्यूविरोधी द्वेषाला हळुवारपणे हाताळते, अशी टीका पोलंडमधील काही अभ्यासकांनी आधीच केली आहे. होलोकॉस्टच्या दालनापुरती ती टीका मला अर्धीच पटते.

ही जागा का कमी पडली असेल, याचा विचार करताना बाहेरचे हवामान विसरून चालत नाही. २०१८ मध्ये पोलिश संसदेने असा कायदा केला की नाझी गुन्ह्यांची जबाबदारी पोलिश राष्ट्रावर टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल. जगभर गदारोळ झाल्यावर काही महिन्यांत कैदेची तरतूद काढावी लागली. त्याच वर्षी, पोलंडच्या कम्युनिस्ट राजवटीने १९६८ मध्ये चालवलेल्या ज्यूविरोधी मोहिमेवरील प्रदर्शनामुळे संग्रहालयाचे तत्कालीन संचालक दारियुश स्तोला यांच्यावर सत्ताधाऱ्यांची खप्पामर्जी झाली आणि पुढे निवड समितीने त्यांना पुन्हा निवडूनही मंत्र्यांनी नेमणूक दिली नाही. हे दालन मांडणाऱ्या एंगेलकिंग यांच्यावर, खेड्यापाड्यांत लपलेल्या ज्यूंच्या नशिबाविषयी त्यांनी सहसंपादित केलेल्या संशोधनावरून खटला झाला; २०२१ मध्ये खालच्या न्यायालयाने माफी मागण्याचा हुकूम दिला आणि त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे ज्या विषयावर ही माणसे बोलत आहेत, तो त्यांच्यासाठी संग्रहालयाच्या काचेआड ठेवलेला भूतकाळ नाही. एवढ्या दबावाखाली दालनाने आपला मजकूर राखला, याचे श्रेय द्यायला हवे.

मराठी वाचकाचा येथे एक खास अडसर आहे. पोलंड म्हटले की आपल्याला कोल्हापूरजवळचे वळिवडे आठवते, जेथे १९४३ ते १९४८ या काळात सोव्हिएत राजवटीने देशोधडीला लावलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, मुख्यतः बायका आणि मुले, राहिले होते. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे आणि २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. त्या आठवणीत पोलिश माणूस हा निखळ पीडित आहे, आणि ते खरेही आहे: युद्धात ज्यूंव्यतिरिक्त पोलंडच्या लाखो नागरिकांचे प्राण गेले. परंतु ही एकच प्रतिमा मनात घेऊन आलेल्या माणसाला, पीडित समाज दुसऱ्या पीडिताशी कसा वागला, हा प्रश्न विचारणे सुरुवातीला कृतघ्नपणाचे वाटते. मला तसे वाटले होते. शहरात फिरण्यासाठी आधी घेतलेल्या एका खासगी सहलीचा मार्गदर्शक तर 'आमच्याकडे घरोघरी ज्यू लपवले होते' असे सांगत होता. त्याच्या बोलण्यात श्माल्त्सोव्हनिक हा शब्द एकदाही आला नाही. त्या पार्श्वभूमीवर पोलिनचे दालन पाहणे हा चांगला उतारा ठरला.

दालनाची व्यावहारिक अडचण अशी की ते फार उशिरा येते. जवळजवळ हजार वर्षांचा प्रवास करून माणूस तेथे पोहोचतो तेव्हा पाय बोलू लागलेले असतात, बसायला जागा मोजक्या आहेत आणि मजकुराची दाटी सर्वांत जास्त येथेच आहे. माझ्यासमोर कित्येक जण त्रेब्लिंकाच्या भागातून भराभरा निघून गेले. उठावानंतरचा आणि मृत्युछावण्यांचा भाग एकमेकांत गुंतलेला असल्यामुळे कुठे वळावे हेही नीट कळत नाही. युद्धोत्तर दालनात जुलै १९४६ मधील केल्त्से शहरातील ज्यूंचे हत्याकांड आणि १९६८ नंतर हजारो ज्यूंना देश सोडावा लागल्याची हकीकत आहे, पण तोवर वाचण्याचे त्राण उरत नाही. म्हणून शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या दिवशी यावे आणि एक दिवस शेवटच्या तीन दालनांसाठीच राखावा. लहान मुलांना होलोकॉस्टच्या दालनात नेऊ नये. किशोरवयीन मुलांना जरूर न्यावे, पण आधी थोडे सांगून.

तुलनेसाठी मार्कोवा या गावातील उल्मा कुटुंबाच्या संग्रहालयाचा उल्लेख करतो. यूझेफ आणि विक्तोरिया उल्मा या शेतकरी दांपत्याने आठ ज्यूंना आसरा दिला होता. २४ मार्च १९४४ रोजी जर्मनांनी त्या आठ जणांना, गरोदर विक्तोरियासह दोघांना आणि त्यांच्या सहा मुलांना ठार मारले. २०२३ मध्ये चर्चने संपूर्ण कुटुंबाला 'धन्य' घोषित केले. त्या बलिदानासमोर मान झुकतेच. मात्र वाचवणाऱ्यांवर प्रकाशझोत ठेवणाऱ्या संग्रहालयात ज्यांना वाचवले ते आपोआप सावलीत जातात, आणि खबर देणारा बहुधा पोलिश पोलिसांतलाच एक होता, हा धागा त्या चौकटीत अवघडून बसतो. पोलिनची चौकट उलटी आहे आणि म्हणून ती मला अधिक प्रामाणिक वाटते.

पोलिन पाहून झाल्यावर त्वोमात्स्के रस्त्यावरील ज्यू इतिहास संस्थेत जाणे मी या भेटीचाच भाग मानतो. चालत वीसेक मिनिटांचे अंतर आहे. शेजारची काचेची निळी उंच इमारत ज्या जागी आहे, तेथे वॉर्सामधील सर्वांत मोठे सिनगॉग होते; १६ मे १९४३ रोजी जर्मनांनी उठाव संपल्याची खूण म्हणून ते सुरुंगाने उडवले आणि संस्थेच्या प्रवेशदालनाच्या फरशीवर त्या आगीचे डाग आजही आहेत. त्यांवर काही झाकलेले नाही, आपण त्यांच्यावरूनच चालत आत जातो. आत रिंगेलब्लुम यांच्या संग्रहाचे कायमचे प्रदर्शन आहे. १९४६ मध्ये ढिगाऱ्यातून पत्र्याचे दहा डबे निघाले आणि १९५० मध्ये दुधाचे दोन मोठे कॅन. त्यांतील एक कॅन येथे ठेवला आहे, गंजलेला, साधा, आपल्याकडे गवळी वापरतात तसलाच. जमिनीत पुरलेल्या कागदांपैकी सुमारे ३५ हजार पाने हाती लागली. मंडळातील बहुतेक सर्व सदस्य मारले गेले. वाचले ते तिघेच.

रिंगेलब्लुम स्वतः घेटोबाहेर पडले होते. ऑगस्ट १९४३ मध्ये त्राव्हनिकीच्या छावणीतून त्यांना बाहेर काढणाऱ्यांत एक पोलिश रेल्वे कामगार होता आणि वॉर्सामध्ये ग्रुयेत्स्का रस्त्यावर मिएचिस्वाव व्होल्स्की या माळ्याच्या काचघराखाली खणलेल्या तळघरात, सुमारे चाळीस ज्यूंसोबत, त्यांना पत्नी आणि मुलासह लपवण्यात आले. त्या तळघरात बसून त्यांनी जे लिहिले, त्याचा विषय नेमका हाच होता: युद्धकाळातील पोलिश आणि ज्यू यांचे संबंध. तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ लिहून काढणारा लेखनिक एका चुकीने सारे काम बाद होईल या धास्तीने लेखणी उचलतो, त्याच धास्तीने आपण हे लिहीत आहोत, असे त्यांनी सुरुवातीला नमूद केले आहे. त्यांनी पोलिश समाजाच्या बहुसंख्येवर कठोर दोषारोप ठेवले आणि मदत करणाऱ्यांची गाथाही तितक्याच बारकाईने नोंदवली. आपण ज्याच्या जमिनीखाली बसलो आहोत त्या माळ्याविषयीही लिहिले. मार्च १९४४ मध्ये कोणीतरी ती जागा जर्मनांना दाखवून दिली. रिंगेलब्लुम, त्यांचे कुटुंब, लपलेले इतर सगळे, तसेच व्होल्स्की आणि त्यांचा भाचा मारले गेले. हस्तलिखित मात्र त्यापूर्वीच सुरक्षित हाती पोहोचले होते.

पोलिन मंगळवारी बंद असते आणि ज्यू इतिहास संस्था शनिवारी, त्यामुळे दोन्ही एकत्र करायचे असतील तर वार पाहून निघावे. दोन्हींसाठी मेट्रोच्या पहिल्या मार्गावरील रातुश आर्सेनाव हे स्थानक सोयीचे आहे. पोलिनचे तिकीट ऑनलाइन काढून ठेवणे बरे, विशेषतः एप्रिलमध्ये, कारण उठावाच्या स्मरणदिनाच्या आसपास शाळांच्या सहलींची गर्दी असते. हाताशी आणखी तासभर असेल तर ख्वोद्ना आणि झेलाझ्ना रस्त्यांच्या चौकात जावे. जेथे तो लाकडी पूल होता तेथे आता धातूचे खांब उभे आहेत आणि त्यांच्यातील लहान भिंगांमधून घेटोची जुनी छायाचित्रे पाहता येतात. यासाठी तिकीट लागत नाही, आणि दालनातला पूल पाहून झाल्यावरच तेथे जाण्यात अर्थ आहे.